टायर : निवड, निगा आणि मिजास

रोड बाइकच्या टायरकडून तीन अपेक्षा असतात. तो हलका असावा, वेगाने पळावा आणि पंक्चर होऊ नये. पहिल्या दोन पुऱ्या करणारे टायर बाजारात पुष्कळ आहेत. तिसरी पुरी करणारेही आहेत. तिन्ही पुऱ्या करणारा टायर जाहिरातीत आढळतो, आणि तिथेही त्याच्या नावापुढे बारीक चांदणी व पानाच्या तळाशी त्याहून बारीक अक्षर असते.

ही निवड करणारा महाराष्ट्रातला हौशी सायकलस्वार साधारणपणे चाळिशी ओलांडलेला असतो. डॉक्टरांनी त्याला ‘जरा हालचाल ठेवा’ एवढेच सुचवलेले असते. त्याने कार्बन फ्रेमची सायकल घेतलेली असते. तिचे वजन आठ किलो आहे हे तो न विचारता सांगतो आणि स्वतःचे ब्याऐंशी आहे हे विचारले तरी सांगत नाही. पाण्याची बाटली अडकवायचा पिंजरा वीस ग्रॅमने हलका मिळतो म्हणून तो बदलतो आणि त्या आनंदात वाटेवर मिसळ खातो, जादा पावासह. पहाटे पाच वाजता तंग कपड्यांत तो जिना उतरतो तेव्हा सोसायटीचा वॉचमन मुद्दाम दुसरीकडे पाहतो. हा त्या वॉचमनचा सुसंस्कृतपणा आहे. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. ही नोंद केवळ माहिती पूर्ण असावी म्हणून.

हवेच्या टायरचा इतिहास पंक्चरच्या इतिहासाहून फार जुना नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामडे, अशी त्याची रचना होती. ते घोडागाड्यांना बसवून पाहिले गेले, लोकांनी वाहवा केली आणि विसरून गेले. मग १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टराने तीच गोष्ट पुन्हा शोधली. निमित्त होते मुलाची तीनचाकी. त्याचे पेटंट पुढे थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे रद्द झाले, नाव मात्र त्याचेच राहिले. डनलपचा टायर रिमला चिकटवलेला असे. तो एकदा पंक्चर झाला की उचकटणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा चिकटवून वाळवणे यात दिवस जाई. क्लेरमाँ-फेराँच्या मिशलँ बंधूंनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत त्या टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी मिशलँनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी स्वतःचीच शर्यत भरवली आणि आपला टायर किती चटकन दुरुस्त होतो हे जगाला दिसावे म्हणून वाटेत खिळे टाकून ठेवले. टायर विकणाऱ्यांत इतका सरळ माणूस पुन्हा झाला नाही. बाकीचे ‘पंक्चर होणार नाही’ असे छापतात. मिशलँनी पंक्चर स्वखर्चाने पुरवले.

खिळ्यांची ही प्रथा पुढे उपद्व्यापी मंडळींनी उचलली. २०१२ च्या तूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका घाटमाथ्यावर कोणीतरी टाचणीवजा चुका फेकल्या. सुमारे तीस सायकली पंक्चर झाल्या. आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्सला पुन्हा पुन्हा थांबावे लागले आणि पिवळी जर्सी घातलेल्या ब्रॅडली विगिन्सने बाकीच्या घोळक्याला सावकाश चालायला लावले. जगातले उत्तमोत्तम टायर, मागे मोटारीत बसलेले मेकॅनिक आणि तरीही हा प्रकार. हौशी स्वाराला ही बातमी फार आवडते. त्याला ती स्वतःची आणि विगिन्सची एकत्र बातमी वाटते.

टायरला भोक पाडणाऱ्या वस्तू मुख्यतः चार : काच, खिळा, तार आणि काटा. पाचवे कारण वस्तू नसून वस्तूचा अभाव आहे. त्याला खड्डा म्हणतात. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. दोन भोके दिसली की काटा शोधत बसू नये.

काच एकतीस डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर येते आणि एक जानेवारीच्या पहाटे, नव्या संकल्पाने निघालेल्या सायकलींची वाट पाहते. पावसाळ्यात ती अधिक बाधते, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. पाणी तिला वंगणासारखे उपयोगी पडते. खिळ्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तार मात्र हायवेचे खास उत्पादन आहे. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फुटला की त्याच्या चिंध्या कडेला पडतात, ऊन-पाण्याने रबर कुजते आणि केसाएवढ्या बारीक तारा मागे उरतात. या तारेने पाडलेले भोक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि टायरमध्ये अडकलेली तार तर चष्मा लावूनही नाही.

काट्याचे सविस्तर वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येते, पण जावेसे वाटत नाही.

पहिला मान बाभळीचा. तिचे काटे पांढरट, सरळ, जोडीने येणारे आणि दोन-अडीच इंचांपर्यंत वाढणारे असतात. झाड स्वतःहून काटे रस्त्यावर टाकत फिरत नाही. त्यासाठी माणूस लागतो. शेताला, वाड्याला, गंजीला कुंपण घालायचे म्हणून फांद्या तोडतात, त्यांची फेसाटी करून रस्त्यावरून ओढत नेतात आणि वाटेवर जे सांडते त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग, बारामती-इंदापूर, सोलापूर, नगर या दुष्काळी पट्ट्यात सुगीनंतर सायकल घेऊन जाणाऱ्याला हा हिशोब आपोआप मिळतो. तरीही बाभळीला वाईट म्हणायला जीभ धजत नाही. बैलगाडीचे चाक, नांगर, कुळव यांना तिचेच लाकूड लागते. तिच्या सालीत चामडे कमावतात, म्हणजे थॉमसनसाहेब इकडे असता तर त्याचा टायरही तिच्यावाचून झाला नसता. तिच्या शेंगांवर शेळ्या जगतात, तिच्या काडीने पिढ्यान्‌पिढ्यांनी दात घासले आणि तिच्या डिंकाचे लाडू खाऊन बाळंतिणी उठून कामाला लागल्या. हौशी सायकलस्वारसुद्धा मागच्या खिशात परदेशी जेलच्या पाकिटाशेजारी घरचा एक डिंकाचा लाडू ठेवतो. पाकीट दाखवण्यासाठी असते, लाडू खाण्यासाठी. ज्या झाडाने त्याला रस्त्याकडेला बसवले त्याच झाडाचा डिंक खात तो तिथे बसलेला आढळतो.

हिची पाहुणी बहीण म्हणजे वेडी बाभूळ. ती मूळची अमेरिका खंडाची. एकोणिसाव्या शतकात मुद्दाम आणून लावलेली आणि आता कालव्याकडेला, तलावाच्या बांधावर, रेल्वेच्या हद्दीत कोणी न लावता वाढणारी. तिला हटवायला गेलेले लोक काटे घेऊन परततात. सुबाभूळही त्याच खंडातून आली, पण तिला काटे नाहीत. सायकलस्वारांच्या दृष्टीने परदेशातून आलेल्या वनस्पतींत एवढी एकच सज्जन निघाली.

तिसरा सराटा, म्हणजे गोखरू. पिवळ्या नाजूक फुलाची, जमिनीला बिलगून पसरणारी ही वेल आहे. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. त्यांची मांडणी अशी असते की तुकडा कसाही पडला तरी एखादे टोक आकाशाकडे राहावे. जनावराच्या खुरात रुतून बी दूर जावे ही निसर्गाची मूळ योजना. सायकल नंतर आली आणि तिने ती योजना वेगवान केली. अनवाणी पायांनी माळावर खेळलेल्या कोणालाही सराटा वेगळा शिकवावा लागत नाही. आयुर्वेदात तो दशमुळांपैकी एक आहे. त्याच दहांत भुईरिंगणीही आहे, आणि तिचे पानसुद्धा काट्याशिवाय नसते. म्हणजे बाळंतकाढ्यात ज्यांचा गुण येतो त्यांपैकी निदान दोघांचा टायरमध्ये अवगुण येतो. हा सराटा अमेरिकेतही पोहोचला आहे. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तो उपटून काढण्याची मोहीम निघते आणि तिच्या शेवटी सायकलवाल्यांचा उत्सव होतो. इकडे तसा उत्सव सुरू करायचा झाल्यास मांडव, वर्गणी आणि ध्वनिवर्धक सगळे तयार आहे. फक्त सराटे उपटायला माणसे मिळणार नाहीत.

काट्याचा आणखी एक स्वभाव सांगायला हवा. तो शिरतो तेव्हा स्वतःच बूच होऊन बसतो. हवा लगेच जात नाही. स्वार घरी पोहोचतो, ‘आज एकही पंक्चर नाही’ असे चारचौघांत जाहीर करतो, फोटो टाकतो, झोपतो. रात्रभरात हवा जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता चाक जमिनीला टेकलेले असते आणि जाहीर केलेले वाक्य मागे घेता येत नाही.

या शत्रूंना अडवण्यासाठी टायर कसा घडवतात हे आता पाहावे. रस्त्याला लागणारे रबर सर्वांत वर. त्याखाली नायलॉनसारख्या धाग्यांचा सांगाडा. एका इंचात किती धागे, यावर त्याची प्रत ठरते. धागे जास्त तर कापड मलमलीसारखे तलम, कमी तर गोणपाट. तलम टायर रस्त्याच्या उंचसखलपणावर सहज वळतो आणि म्हणून पळतो. गोणपाट टिकतो. रबर आणि सांगाडा यांच्यामध्ये तो पट्टा घालतात ज्यासाठी सगळा खर्च असतो.

पट्टे स्थूलमानाने दोन तऱ्हेचे. पहिला विणलेला. तो अॅरामिड वर्गातल्या धाग्याचा असतो. त्यातला प्रसिद्ध धागा केव्हलार. ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली तो शोधला, आणि त्या वेळी कंपनीला हवा होता तो मोटारीच्या टायरसाठी हलका, मजबूत धागा. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटे पुढची. त्याहून नवा धागा व्हेक्ट्रान. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या हवेच्या उशा व्हेक्ट्रानच्या होत्या. त्या खडकांवर आपटत, उसळत, न फाटता थांबल्या. कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री ५००० या टायरमध्ये व्हेक्ट्रानचाच पट्टा आहे आणि ते कळल्यावर स्वाराची छाती फुगते. मंगळावर बाभूळ नाही, हा तपशील विक्रेता सांगत नाही.

कारण विणलेला पट्टा कापणाऱ्या वस्तूला अडवतो, टोचणाऱ्या वस्तूला तितका नाही. काचेची धार धाग्यांवर घासते आणि हरते. बाभळीचे टोक किंवा ट्रकची तार धागे कापतच नाही. दोन धाग्यांच्या मधून वाट काढते. तिथे उपयोगी पडतो दुसऱ्या तऱ्हेचा पट्टा, म्हणजे निव्वळ जाडी. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये पाच मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो. काटा त्यात शिरतो, पण ट्यूबपर्यंत पोहोचण्याआधी संपतो. काचेला विणकाम, काट्याला अंतर, हे एवढे लक्षात ठेवले तर टायरच्या डब्यावरची निम्मी इंग्रजी न वाचता चालते. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन हा या दोन टोकांच्या मधला : दाट विणलेला पट्टा, बाजूच्या भिंतींनाही संरक्षक कापड आणि वजनात माफक वाढ. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणाऱ्यांत तो म्हणूनच फार दिसतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्यातले काट्याला किती द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

संरक्षणाची किंमत दोन प्रकारे मोजतात. पहिली वजनाने. २५ मिलिमीटर रुंदीचा ग्रां प्री ५००० सुमारे २२० ग्रॅम भरतो, तर त्याच रुंदीचा मॅरेथॉन प्लस सुमारे ६०० ग्रॅम. जोडीमागे पाऊण किलोचा फरक. हे ऐकून स्वाराचा चेहरा उतरतो. ‘चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे सायकलवरचे दोन’ हे वाक्य त्याने कुठेतरी ऐकलेले असते. ते फक्त वेग वाढवताना, आणि तेव्हाही अंशतः खरे आहे. चढावर ग्रॅम तो ग्रॅमच. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले तर पाऊण किलो म्हणजे शंभरातला एक हिस्साही नाही. सिंहगडाचा घाट पन्नास मिनिटांत चढणाऱ्याला या वजनापोटी साधारण पंचवीस सेकंद जास्त लागतील. वर पोहोचल्यावर कांदाभजी आणि मडक्यातले दही यांत जाणारा वेळ यात धरलेला नाही. घरी परतताना भज्यांचे वजनही धरत नाहीत.

दुसरी किंमत खरी. टायर फिरताना दर वेढ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. दबायला लागलेली शक्ती पुरती परत येत नाही, काही उष्णता होऊन जाते. जाड, कडक टायरमध्ये ती जास्त जाते. फिरत्या पिंपावरच्या चाचण्यांत ताशी २९ किलोमीटरच्या आसपास वेगवान टायर दहा वॉटच्या घरात खातो आणि जाड टायर त्याच्या दुप्पट किंवा अधिक. दोन्ही चाकांचे मिळून वीस वॉट वाढले असे समजू. सामान्य हौशी स्वार तासभर टिकवू शकतो ते दीडशेच्या आगेमागे. म्हणजे जाड टायर घेणारा आपल्या शक्तीचा सातवा-आठवा हिस्सा आगाऊ विमा म्हणून भरतो. सपाट रस्त्यावर पुढचे मित्र हळूहळू ठिपका होतात. मग त्यातला एखादा रस्त्याकडेला सायकल उलटी करून बसलेला दिसतो आणि विम्याची रक्कम तिथल्या तिथे वसूल होते. ‘काही मदत हवी का?’ हे वाक्य त्या वेळी ज्या स्वरात म्हटले जाते त्याला मदत म्हणत नाहीत.

पैशातली किंमत येथे मुद्दाम दिलेली नाही, कारण ती श्रोत्यागणिक बदलते. परदेशी टायरच्या जोडीच्या पैशात नवी काळी सायकल येते, कॅरिअर आणि स्टँडसकट. स्वार घरी निम्मी सांगतो. क्लबमध्ये ‘सेलमध्ये मिळाला’ एवढेच सांगतो. हायवेवरच्या पंक्चरच्या टपरीवर पाव सांगतो. तिथला कारागीर टायर दोन बोटांत चिमटून विचारतो, “केवढ्याला पडला हो साहेब?” उत्तर येते, “आठशे.” कारागीर टायर उजेडात धरतो आणि समजूत घालतो, “आठशेला मग लई बारीक दिला की तुम्हाला.”

या कारागिराचे हात पाहण्यासारखे असतात. स्वार तीन प्लॅस्टिकच्या कांड्या, एक चित्रफीत आणि शिव्या यांच्या साह्याने जो टायर वीस मिनिटांत उतरवतो, तो हा माणूस अंगठ्याने उतरवतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवतो, बुडबुड्यावर बोट ठेवतो, कानसेने घासतो, सोल्यूशन लावून फुंकर घालतो आणि वाळेपर्यंत घाई करत नाही. अडचण येते ती हवा भरताना. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लांब, बारीक आणि फ्रेंच असतो. टपरीवरचा पंप काळ्या सायकलींच्या वालट्यूबवर आणि ट्रकवर वाढलेला. पितळेचा चिमुकला अडॅप्टर जवळ नसेल तर कार्बनची सायकल हातात धरून चालावे लागते. तो अडॅप्टर काही ग्रॅम भरतो. वजन कमी करण्याच्या मोहिमेत सर्वांत आधी तोच घरी राहतो.

टायरऐवजी इतर उपायही आहेत. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालतात. ती काटा अडवते आणि नीट बसली नाही तर तिची कडच ट्यूब घासून फाडते. ट्यूबमध्ये भरायचे पातळ रसायन लहान भोके बुजवते. ट्यूबलेस टायरात ते रसायन थेट टायरमध्ये असते; बारीक काट्यांवर हा उपाय उत्तम आहे आणि पुष्कळदा पंक्चर झाले हे कळतही नाही. पण रसायन वाळते, उन्हाळ्यात लवकर वाळते, दर काही महिन्यांनी नवे घालावे लागते. मोठा चर पडला तर ते आधी पाठीवर उडते आणि मग थांबते. भरीव रबराचे, हवेविना चालणारे टायरही मिळतात. ते कधीच पंक्चर होत नाहीत. त्यांवरून प्रवास केल्यावर १८४५ साली थॉमसनला काय सुचले आणि का सुचले, ते मणक्याला समजते.

हवेच्या दाबाविषयी जुनी समजूत अशी की टायर दगडासारखा वाजला पाहिजे. २३ मिलिमीटरच्या टायरात ११०–१२० पीएसआय भरून लोक अभिमानाने खडखडत जात. आता २८ मिलिमीटर रूढ झाला आहे आणि ऐंशी किलोच्या माणसाला त्यात सत्तर-ऐंशी पीएसआय पुरतात. रुंद टायर, कमी दाब. खडा लागला की तो उसळण्याऐवजी दबतो आणि खड्ड्याचा मारही सोसतो. रुंद टायर म्हाताऱ्यांचा, हा समज व्यावसायिक शर्यतवाल्यांनी तो वापरायला घेतल्यावर नाहीसा झाला. त्यामुळे पुष्कळ म्हाताऱ्यांची सोय झाली.

पंक्चरचे एक मोठे कारण मात्र टायरमध्ये नाही. मोटारींची चाके रस्त्याचा मधला भाग झाडून काढतात; काच, तार, खडी, खिळे सगळे कडेला जाऊन साठते. सायकलला जागा मिळते ती त्याच कडेला, आणि मध्ये आली तर हॉर्न मिळतो. सायकल ट्रॅक म्हणून रंगवलेल्या पट्ट्यांवर मोटारी उभ्या असतात. हौशी स्वाराची ही रविवारपुरती कुरकुर आहे. त्याच कडेने रोज कामावर जाणारे लोक आहेत : दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार आणि रात्रपाळी संपवून निघालेला तोच वॉचमन. त्यांची अठ्ठावीस इंची काळी सायकल कोणत्याही चाचणीच्या पिंपावर चढलेली नाही. त्यांचा टायर दोरे दिसू लागले तरी पगारापर्यंत चालवला जातो; फाटल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटीस, घालून आणखी दोन महिने काढले जातात. स्वाराचे पंक्चर ही सांगायची गोष्ट होते. त्यांचे पंक्चर म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे कापलेली हजेरी. रस्त्याची कड झाडायला मंगळावरचा धागा लागत नाही. खराटा लागतो, आणि खराटा धरणाऱ्याला वेळेवर मजुरी लागते. हा उपाय जगातल्या कोणत्याही टायरपेक्षा स्वस्त आहे आणि त्याला कोणी प्रायोजक मिळत नाही.

विषय टायरचा आहे, तेव्हा निवडीकडे. पंक्चर बहुधा मागच्या चाकाला होते. एक तर स्वाराचे जास्त वजन तिथे असते आणि दुसरे म्हणजे आडवा पडलेला खिळा पुढचे चाक उभा करून जाते, मागचे त्यावर बसते. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ही यंत्रणा समजावून सांगावी लागत नाही. म्हणून दोन्ही चाकांना एकच टायर हवा असा आग्रह नको. शहर आणि हायवे यांवर फिरणाऱ्याने पुढे व्हेक्ट्रानच्या पट्ट्याचा वेगवान टायर आणि मागे गेटरस्किनच्या तोडीचा दणकट टायर लावावा, दोन्ही २८ मिलिमीटर. दुष्काळी पट्ट्यात, जिथे कुंपणे ताजी असतात, तिथे मागे पाच मिलिमीटर जाडीचा घ्यावा किंवा ट्यूबलेस करून रसायनाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. शर्यतीत भाग घेणाऱ्याने मनाला येईल तो घ्यावा. त्याच्यामागे मोटार असते. फोटोसाठी सायकल चालवणाऱ्याने तपकिरी भिंतीचा घ्यावा, तो छान दिसतो. आणि पुढचा टायर कधीही झिजेपर्यंत ताणू नये. मागचा फुटला तर माणूस थांबतो, उतारावर पुढचा फुटला तर पडतो.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा, कारण तो न काढता घातलेली ट्यूब पुढच्या फर्लांगावर जाते. बोट सावकाश फिरवावे.